नवनाथच्या घरचा चहा

सोमवारी सकाळी बैठक बसली. बैठक म्हणजे काय, दुकानामागच्या पडवीत एक सतरंजी, त्यावर वैजिनाथ आप्पा, मागं पेंडीच्या पोत्यांची थप्पी आणि समोर घरचीच माणसं. आप्पांचा सोमवार, म्हणजे उपास, म्हणजे डोकं आधीच तापलेलं. आणि विषय असा, की सगळं चौसाळा पानटपरीपासून स्टँडपर्यंत त्यावर बोलत होतं, फक्त ह्या घरात अजून कुणी मोठ्यानं काढला नव्हता. लातूरच्या धर्मराजला आपल्या टीममध्ये आणायचं का न्हाई?

धर्मराज म्हणजे कोण, तर पेपरात फोटो आलता बघा त्याचा! महाराष्ट्राकडून व्हॉलीबॉल खेळलेला लिफ्टर. आता लिफ्टर असा असतो, की ज्याला खेळ कळत न्हाई त्याला तो दिसतच न्हाई. दिसतो तो चेंडू फोडणारा, आपल्या रविसारखा. हवेत उडतो, दणका हाणतो, गाव शिट्ट्या मारतं. पण रविच्या हाताला लागंल असा चेंडू नेटवर अलगद उचलून कोण देतं? सगळा खेळ त्याच्या बोटांत असतो. आणि आपल्या ‘जय शंकर’ टीममधली ती बोटं इतकी वर्षं नवनाथची होती. नवनाथ, जालिंदरचा पोरगा, आता झेडपीच्या शाळेवर मास्तर. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो आणि रवि एकत्र खेळत आलेले.

“हे बघा आप्पा,” थोरल्या अमरनाथनं सुरुवात केली. मोटारसायकलींची एजन्सी घेतल्यापासून तो मांडी घालून बसत नव्हता, पँटची इस्त्री मोडते म्हणून एका पोत्यावर टेकलेला. “शिवरात्रीच्या फायनलला कंपनीचा साहेब औरंगाबादहून येणार. मी बोलावलाय. आता आपल्याकडं अर्धीच एजन्सी हाय, पुरी द्यायची का न्हाई ते तो ठरवणार. त्याच्यापुढं टीम हरली तर? मागल्या साली नांदूरघाटवाल्यांनी काय केलं आपलं?”

“काय केलं?” शिवकांता काकू दारातून म्हणाल्या. सूप हातात, पण पाखडायचं थांबलेलं. “हरलो. हरत्यात की माणसं.”

“आई, आता जमाना तसा राहिला न्हाई. सगळीकडं नाव लागतं. धर्मराज चौसाळ्याकडून खेळणार म्हणलं, की नुसत्या नावावर पब्लिक येईल.”

“आन् नवनाथ?”

“नवनाथ बसंल की बाकावर. राखीव.”

“तो बाकावर?” काकू हसल्या, पण ते हसू बरोबर नव्हतं. “अरं, त्याच्या बोटाला पट्टी बांधून मी पाठवलाय त्याला ग्राउंडवर. तवा तू कुठं होतास? लातूरला सिनेमे बघत.”

“ते पट्टीचं मधी कावून आणती?”

आप्पांनी धाकट्या पोराकडं, रविकडं बघितलं. “तुझं काय?”

आता इथं जरा थांबून रविचं बघायला पायजे. रविला रात्रभर झोप नव्हती. गावात त्याला सगळे म्हणायचे, तुझ्या उडीला पुण्या-मुंबईत नोकरी हाय, पोलिसात घेतील, बँकेत घेतील, फक्त कुणीतरी बघितलं पायजे. आणि धर्मराजनं उचलून दिलेला चेंडू कोण बघत न्हाई? एकदा फक्त, त्यानं मनात म्हणलं, एकदा तसला चेंडू हाताला लागू दे. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांपुढं नवनाथ आला, सायकलवरून येणारा, लांबूनच “काय शूटर!” असं ओरडणारा. रविनं सतरंजीचा दोरा ओढला.

“चालंल,” तो म्हणाला.

एवढंच. पण घराची बाजूच फिरली. काकूंना वाटलं होतं रवि भांडंल, मग आपण त्याच्या मागं उभं राहू. आता त्या एकट्याच राहिल्या, आणि एकटं राहायची त्यांना सवय न्हाई. त्या म्हणाल्या, “बघा बाबा, तुमचा खेळ, तुमाला कळतंय,” आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

“मग ठरलं,” अमरनाथ उठला.

“ठरलं न्हाई,” प्रणिता म्हणाली.

अमरनाथची बायको ही, लातूरचीच, आणि इतका वेळ ती नवऱ्याच्याच बाजूनं होती, बरं का. धर्मराजचा पत्ता तिच्याच भावानं काढला होता. पण आता तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ सासऱ्याला विचारलं, “मामंजी, सांगायला कोण जाणार?”

उठलेला अमरनाथ परत पोत्यावर टेकला.

कारण ह्या घराची एक रीत होती. ‘जय शंकर’ टीम आप्पांच्या वडलांनी काढली, आज्जांनी, आणि आज्जांचा नियम असा: पोराला टीममध्ये घ्यायचं असंल तर आपल्या घरी बोलवा. पण काढायचं असंल, नुसतं बाकावर बसवायचं असलं तरी, आपण त्याच्या घरी जायचं. ओसरीवर बसायचं, त्याच्या घरचा चहा प्यायचा, मग तोंडानं सांगायचं. “घरी बोलावून काढलं तर चोर, त्याच्या दारात जाऊन काढलं तर बाप,” असं आज्जा म्हणायचे. आणि ती रीत आप्पांनी मोडली नव्हती. कासाराच्या पोराला काढलं तेव्हा गेलते, देशमुखांच्या भाच्याला काढलं तेव्हा भर पावसाचे वडवणीपर्यंत गेलते.

आणि नवनाथच्या घरी ह्या घरातलं कुणी कधी चहा प्यालं नव्हतं.

हे कुणी बोललं न्हाई. बोलायची गरजच न्हाई. नवनाथ ह्या घरात जेवायचा, सगळ्यांच्या पंगतीला, सगळ्यांसारख्या ताटात, आणि घराला त्याचा अभिमान बी होता. आमच्याकडं असलं काही न्हाई! भिंतीवर बसवण्णांचा फोटो हाय आमच्या! पण बुद्धविहाराच्या मागं त्याचं घर, तिथं? कामच पडलं न्हाई कधी. असंच सगळे म्हणायचे. काम पडलं न्हाई.

“मी जाईन,” आप्पा म्हणाले. “उद्या जाईन.”

मंगळवारी आप्पांचा गुडघा धरला.

बुधवारी त्यांना वाटलं, रवि त्याचा दोस्त हाय, त्यानं कानावर घातलंच असंल, आता जाऊन काय उगाळायचं. रविला वाटलं, आप्पा जाणार म्हणालेत तर जातीलच, त्यांच्या आधी आपण सांगितलं तर रीत मोडली म्हणतील. म्हणून तो ग्राउंडवर जायचाच बंद झाला, पाय मुरगळलाय म्हणला. अमरनाथला तर काही वाटलंच न्हाई. साहेबाला बसायला कोचाची खुर्ची कुणाकडून आणायची, मांडवावर एजन्सीचा बोर्ड कुठं लावायचा, ह्यातच तो. काकूंनी एकदा विचारलं नवऱ्याला, “आवो, जाऊन आलात का?” आप्पा म्हणाले, “होईल ते.” काकूंना ‘होईल’ ऐकू आलं, पण त्यांनी मनात ‘झालं’ असं धरलं. सोपं पडतं ना.

प्रणितानं स्वयंपाकघरात पुन्हा विषय काढला. “आत्याबाई, मी जाऊ का? मला चालतं.”

“तुला चालतं म्हणजे?” काकू भडकल्या. “आन् आमाला चालत न्हाई का? कुणी म्हणलं का तसं ह्या घरात?”

“कुणीच न्हाई म्हणलं,” प्रणिता म्हणाली. “तेच तर.”

काकूंनी भाकरी अशी थापली, की शेजारच्या घरात आवाज गेला असंल. मग प्रणिता बी गेली न्हाई. सुनंनं जायचं, आणि सासरा घरात बसलेला, लोक काय म्हणतील, असं म्हणून तिनं बी स्वतःची सुटका करून घेतली.

आणि शनिवारी धर्मराज यायचा होता. बीडच्या स्टँडवर त्याला घ्यायला जीप पाठवायची. ड्रायव्हर सटवा विचारायला आला, “पाव्हण्याला ओळखणार कोण? म्या तर बघितला न्हाई.” अमरनाथ फोनवर होता, साहेबाशी बोलत होता. त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाला, “नवनाथला घे की संगं. तोच आणतो ना दरसाल पाव्हणे.”

बघा आता! दरसाल तोच आणायचा, म्हणून त्यालाच पाठवला. अमरनाथच्या मनात कपट असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं.

दुपारी जीप आली तेव्हा दारात ही गर्दी. पोरं, दुकानातली गिऱ्हाइकं, टीममधली सगळी. शिवकांता काकू भाकरतुकडा ओवाळायला तांब्या घेऊन उंबऱ्यात. आणि त्यांनी काय बघितलं, तर धर्मराज पुढं बसलेला, गॉगल, पांढरे बूट, आणि मागच्या सीटवरून त्याची मोठी निळी बॅग खांद्यावर घेऊन उतरतोय नवनाथ.

काकूंनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी रविकडं. रविनं अमरनाथकडं. आणि त्या एका क्षणात सगळ्यांना कळलं, की कुणीच गेलं न्हाई.

धर्मराज माणूस चांगला होता हो, तोच तर घोटाळा. त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला, काकूंच्या लावला, सगळ्या पोरांशी हात मिळवले आणि मोकळ्या आवाजात विचारलं, “आधीचा लिफ्टर कोण हाय तुमचा? मी कुठं बी गेलो ना, आधी त्याला भेटतो. त्याची जागा असते. त्याला ‘माफ कर दोस्त’ म्हणल्याबिगर मला खेळता येत न्हाई. गाडीत मास्तरला विचारलं, तर मास्तर म्हणाले, घरीच दाखवतो.”

रवि पोरांच्या मागं सरकला.

नवनाथनं बॅग ओट्यावर ठेवली. नीट, उभी. “मीच,” तो म्हणाला.

धर्मराजनं गॉगल काढला. “तुमी? आन् तुमालाच घ्यायला पाठवलं मला?” मग तो आप्पांकडं वळला. म्हणायचं काय, पाव्हणा माणूस. पण ज्या नजरेनं त्यानं बघितलं ना, त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

“चला, येतो काकू,” नवनाथ म्हणाला, आणि गेला. पायीच, मागं न बघता.

“अरं, जेवून तरी—” काकू ओरडल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप झाल्या.

आत आल्यावर जे भांडण झालं! अमरनाथ म्हणे रविनं सांगायला पायजे होतं, रवि म्हणे आप्पांनी शब्द दिलता, प्रणिता म्हणे तुमी त्याला हमाल केला हमाल, अमरनाथ तिला म्हणे तुझ्याच भावानं आणलाय तो. पाव्हणा बाहेर बसलेला, म्हणून सगळं दबक्या आवाजात, दात आवळून. मग आप्पा उठले, टोपी घातली.

“आवो, कुठं?” काकूंनी विचारलं.

“जिथं सोमवारीच जायला पायजे होतं.”

काकूंनी चुलीवरची भाजी उतरवली आणि तशाच मागं निघाल्या. रवि लांबून मागं. आला पण, आणि आला न्हाई पण, असा.

आता आप्पांच्या मनात काय होतं सांगतो. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं होतं. धर्मराजला प्रेमानं परत पाठवायचं, फायनलला नवनाथच खेळणार, साहेब गेला खड्ड्यात. ठरवल्याबरोबर त्यांना एकदम हलकं वाटलं. माणूस पाप करतो, मग त्याला वाटतं आता मी लई मोठं काही देऊन टाकतो, की फिटलं.

घर पत्र्याचं, पुढं कडुनिंब, सारवलेलं अंगण. नवनाथची आई सरूबाई दारात शेंगा फोडत बसलेली. तिनं ह्या दोघांना बघितलं, उठली न्हाई. “यशोधरे,” तिनं सुनंला हाक मारली, “चहा ठेव. सावकार आलेत.” आवाजात आश्चर्य म्हणून न्हाई.

नवनाथ आतून आला. त्यानं सतरंजी झटकून टाकली. नवी होती, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

“नवनाथ,” आप्पा बसायच्या आधीच बोलले, “तूच खेळायचास. ठरलं आता. त्याला मी—”

“बसा आप्पा. चहा होऊ द्या.”

मग सगळे बसले. आत स्टोव्हचा आवाज. काकूंनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणलं, “सतरंजी छान हाय गं सरूबाई.”

“सोमवारी आणली,” सरूबाई म्हणाली. “सोमवारी दुपारीच गावात बातमी झाली ना. ह्यो म्हणला, आई, मला काढलंय. म्या रडाया लागले. तर ह्यो म्हणतोय, अगं रडती कावून, आता आप्पा घरी येत्यात! त्यांची रीत हाय. बाजारात गेला, सतरंजी आणली, कप आणले. मंगळवारी शाळेतून पळत आला. बुधवारी आला. यशोधरा रोज जास्तीचं दूध घ्यायची. रोज संध्याकाळी आमीच प्यायचो.”

“आई, बास,” नवनाथ म्हणाला.

“बास तर बास.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकूंना आठवायचं नव्हतं तरी आठवलं, की मंगळवारी संध्याकाळी आपण काय करत होतो. टीव्ही बघत होतो. सगळे मिळून. आप्पा बी, गुडघ्याला तेल लावत.

यशोधरानं चहा आणला. आप्पांनी कप घेतला. चहा बशीत सांडला, त्यांनी बशीतला बी प्याला, सगळा, एक थेंब न ठेवता, जणू कुणी मोजतंय. चहा चांगला होता. तेच त्यांना सहन होईना.

“मी म्हणतो तूच खेळायचास,” ते पुन्हा म्हणाले.

“न्हाई आप्पा.”

“राग हाय तुझा.”

“हाय की. कावून नसंल?” नवनाथ पहिल्यांदाच सरळ बघून बोलला. “सटवा जीप घेऊन आला, मला वाटलं तुमीच असाल आत. शर्ट बदलून बाहेर आलो. तो म्हणला, चला, बीडला पाव्हणा आणायचाय. गेलो. जाताना वाटलं, स्टँडवर बॅग सोडून द्यावी आन् निघून यावं. पण तो माणूस चांगला निघाला, त्याचा काय दोष.” तो थांबला. “आता तुमी टीममध्ये घ्यायला आलात. घ्यायचं असलं तर माणसाला तुमच्या घरी बोलावत्यात, आप्पा. माणसाच्या घरी यायचं ते काढायला. आज्जांचीच रीत. ज्याच्यासाठी यायचं होतं ते सांगा, आन् मोकळे व्हा.”

आप्पांनी काकूंकडं बघितलं. काकू सतरंजीकडं बघत होत्या. त्या सोडवणार नव्हत्या. आणि आप्पांना कळलं, की सगळं देऊन टाकणं किती सोपं होतं आणि हे एक वाक्य किती अवघड हाय. कासाराच्या पोराला म्हणताना जिभेवर आलं होतं, देशमुखांच्या भाच्याला म्हणताना आलं होतं. त्यांच्या ओसरीवर बसून, पाय पसरून.

“नवनाथ,” ते म्हणाले. “यंदाच्या टीममध्ये... तू न्हाईस. तू लई खेळलास आमच्यासाठी. पण यंदा न्हाईस.”

“बरं आप्पा,” नवनाथ म्हणाला. एवढंच. पण त्याच्या खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आप्पांच्या खांद्यावर आलं.

तेवढ्यात रवि पुढं आला. इतका वेळ कडुनिंबाला टेकून उभा होता, सगळं ऐकत. अंगणातच उभं राहून बोलला, “नव्या, मी बी खेळत न्हाई. मी बी सोडली टीम.”

नवनाथ ताडकन उठला. आता मात्र आवाज चढला त्याचा. “सोमवारी काय म्हणलास तू?”

“...चालंल.”

“मग चालव की! आता सोडून मला काय दाखवतो? तू खेळला न्हाईस आन् टीम हरली, की गाव म्हणणार नवनाथमुळं हरली. ते बी माझ्याच माथी? खेळ तू. त्याचे चेंडू घे, आन् असे हाण, की त्या साहेबाचा चहा सांडंल. तुला तेच पायजे होतं ना? मग मिळव. तुझ्यासाठी मला काढलंय, तर ते फुकट जाऊ देऊ नको.”

रविला वाटलं, ह्यापेक्षा ह्यानं कानफटात मारायला पायजे होती. मार खाऊन रडता आलं असतं. आता फायनल खेळायची, जिंकायची, हार घालून घ्यायचे, आणि प्रत्येक शिट्टीला हे वाक्य कानात. यशोधरानं त्याच्या बी हातात कप दिला. उभ्यानंच प्याला.

आप्पा निघाले. वस्तीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती. चप्पल घालताना आप्पांच्या लक्षात आलं, की इथून आपल्या दुकानाचं मागचं दार दिसतंय. पोती दिसतायत, पडवीची खिडकी दिसतीय. म्हणजे तिथून बी हे घर दिसत असणार, रोज.

“बरं झालं आलात सावकार,” सरूबाई मागून म्हणाली. “वाट म्हाईत झाली.”

आप्पांनी मागं वळून हात जोडले. निघताना माणसानं म्हणायचं असतं, या एकदा आमच्याकडं. ते तोंडापर्यंत आलं. पण ह्यांचा पोरगा तर इतकी वर्षं येतच होता; आलो नव्हतो ते आपणच. आप्पांनी जोडलेले हात तसेच धरून ठेवले, मग खाली केले, आणि चालायला लागले.